संपूर्ण समर्पण (ख्रिस्ती धर्म)

संपूर्ण समर्पण ही ख्रिस्ती धर्मातील एक संकल्पना आहे. माणसाने आपले शरीर, बुद्धी, इच्छाशक्ती, संपत्ती, वेळ आणि नातेसंबंध यांसह आपले सारे जीवन परमेश्वराच्या स्वाधीन करणे, असा तिचा आशय होय. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि अँग्लिकन परंपरांत ही संकल्पना मुख्यतः व्रतस्थ जीवनाच्या, म्हणजे मठवासी साधू, धर्मभगिनी आणि धर्मबंधू यांच्या जीवनक्रमाच्या रूपाने दिसते. मेथडिस्ट पंथात आणि त्यातून निघालेल्या 'पवित्रता' चळवळीतील मंडळ्यांत मात्र समर्पण हे काही निवडक व्यक्तींचे नव्हे, तर प्रत्येक विश्वासणाऱ्याचे कर्तव्य मानले जाते. महाराष्ट्रात हे दोन्ही प्रवाह आढळतात. त्यांपैकी दुसऱ्या प्रवाहातील चर्च ऑफ द नाझरीन या मंडळीचे विदर्भातील एक महत्त्वाचे केंद्र वाशीम येथे आहे.

संज्ञा

'समर्पण' हा शब्द मराठी ख्रिस्ती लेखनात दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो आणि त्यामुळे वाचकाचा काही वेळा गोंधळ होतो. पहिल्या अर्थी ती माणसाची कृती असते : तो स्वतःला देवाला वाहून देतो. दुसऱ्या अर्थी ती देवाची कृती असते : देव त्या व्यक्तीला आपल्या कार्यासाठी वेगळे करतो व शुद्ध करतो. या दुसऱ्या अर्थासाठी 'पवित्रीकरण' हा शब्द अधिक नेमका आहे. मंदिर, वेदी, पात्रे किंवा याजक यांना देवासाठी वेगळे काढण्याची कल्पना जुन्या करारात आहे. नव्या करारात तीच कल्पना वस्तूंवरून माणसांच्या दैनंदिन जीवनाकडे वळलेली दिसते.

मराठी वाचकाला या संदर्भात नवविधा भक्तीतील शेवटची पायरी असलेले 'आत्मनिवेदन' आठवणे स्वाभाविक आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती कवींनी समर्पणाची भाषा घडवताना वारकरी संतांच्या शब्दसंपदेचा मोठा आधार घेतला. तरीही दोहोंत भेद आहे. आत्मनिवेदनात भक्त आणि देव यांतील द्वैत मावळण्याकडे कल असतो. ख्रिस्ती समर्पणात अर्पण करणारा आणि स्वीकारणारा हे शेवटपर्यंत दोन राहतात व त्यांच्यातील नाते करारासारखे असते.

बायबलमधील आधार

या विषयावरील विवेचनात सर्वाधिक उल्लेख रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या पहिल्या वचनाचा होतो. तेथे प्रेषित पौल आपल्या वाचकांना स्वतःची शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करण्याची विनंती करतो. या प्रतिमेचे वैशिष्ट्य तिच्यातील विसंगतीत आहे. लेवीय पुस्तकातील होमार्पणात पशूचा वध होतो आणि यज्ञ तेथेच संपतो. 'जिवंत' यज्ञ मात्र संपत नाही, तो रोज नव्याने करावा लागतो. पुढील संपूर्ण चर्चा, म्हणजे समर्पण एकदाच होते की आयुष्यभर चालते हा वाद, या एका विशेषणाभोवती फिरत आला आहे.

जुन्या करारातील दोन कथा या संदर्भात नेहमी सांगितल्या जातात. निपुत्रिक हन्ना नवस करते आणि झालेला मुलगा शमुवेल याला लहानपणीच मंदिराच्या सेवेस देते. अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला अर्पण करण्यास सिद्ध होतो. दोन्ही कथांत अर्पण केले जाणारे मूल आहे, अर्पण करणारा पालक आहे. त्यामुळे समर्पणाचा निर्णय कोणी कोणाच्या वतीने घ्यावा, हा प्रश्न या कथांतच दडलेला आहे. गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नाजीर व्रताचे नियम आहेत. द्राक्षरस वर्ज्य करणे, केस न कापणे आणि मृतदेहाजवळ न जाणे असे हे व्रत ठरावीक मुदतीसाठी स्त्री किंवा पुरुष कोणालाही घेता येई. नाझरीन मंडळीचे नाव या व्रतावरून आलेले नसून नासरेथ या येशूच्या गावावरून आले आहे.

शुभवर्तमानांत येशू एका श्रीमंत तरुणास सर्व काही विकून गरिबांना देण्यास सांगतो (मत्तय १९) आणि तो तरुण खिन्न होऊन निघून जातो. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेचे कौतुक मार्कच्या बाराव्या अध्यायात आहे. तिने दिलेली रक्कम सर्वांत लहान होती, पण तिच्याजवळ होते ते सारे तीच होती.

व्रतस्थ जीवन

तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ईजिप्तमधील अंतोनी यांनी श्रीमंत तरुणाची कथा चर्चमध्ये ऐकली, आपली शेतजमीन सोडली आणि वाळवंटात एकांतवास पत्करला. मठपरंपरेचा आरंभ सामान्यतः त्यांच्यापासून सांगितला जातो. सहाव्या शतकात बेनेडिक्ट यांच्या नियमावलीने पश्चिम युरोपातील मठांना प्रार्थना आणि श्रम यांची शिस्त दिली. तेराव्या शतकात फ्रान्सिस व डॉमिनिक यांच्या संघांनी मठाच्या भिंतीबाहेर, गावोगाव फिरणारे व्रतस्थ जीवन रूढ केले. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते कॅथलिक संघांत समर्पणाचे ठळक चिन्ह मानली जातात. प्रथम परीक्षाकाळ, नंतर मर्यादित मुदतीची व्रते आणि शेवटी आजीवन व्रते असा त्यांचा क्रम असतो. यामुळे उमेदवाराला व संघाला, दोघांनाही माघारीची संधी मिळते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्रतस्थ जीवनाच्या नूतनीकरणाविषयी स्वतंत्र आदेश काढला. याच परिषदेने पवित्रतेचे पाचारण केवळ व्रतस्थांना नसून सर्व बाप्तिस्माप्राप्त व्यक्तींना आहे असेही प्रतिपादन केले. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या निर्णयानुसार १९९७पासून २ फेब्रुवारी हा दिवस समर्पित जीवनाचा जागतिक दिन म्हणून पाळला जातो.

पश्चिम किनाऱ्यावरील दोन संतांची चरित्रे येथे उल्लेखनीय आहेत. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे पूर्वेकडील देशांत व्यापार करत होते. तो सोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे त्यांना क्रुसावर हौतात्म्य आले. १८६२मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. गोव्यातील बाणावलीत १६५१मध्ये जन्मलेले जोसेफ वाझ यांनी १६७७मध्ये सांकवाळ येथे स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून वाहून देणारे पत्र लिहिले. हे पत्र म्हणजे आपल्याच विक्रीचा दस्तऐवज असावा तशा स्वरूपाचे आहे. ज्या काळात गोव्याच्या बाजारात खरोखरचे गुलाम विकले जात होते, त्या काळात निवडलेली ही भाषा आहे हे लक्षात घेतले पाहिजे. पुढे ते डच अंमलाखालील श्रीलंकेत वेषांतर करून गेले व १७११मध्ये कँडी येथे वारले. १४ जानेवारी २०१५ रोजी त्यांना संतपद मिळाले.

प्रोटेस्टंट विचारातील वळण

मार्टिन ल्यूथर हे स्वतः ऑगस्टिनियन संघाचे साधू होते. १५२१मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी मठातील आजीवन व्रतांवर कठोर टीका केली. शेतकरी, चांभार किंवा मुलांना वाढवणारी आई यांचे कामही देवाने दिलेले पाचारण आहे व मठवासीयांची सेवा त्याहून श्रेष्ठ नाही, असे त्यांचे म्हणणे होते. परिणामी प्रोटेस्टंट देशांतून मठ बहुतांशी नाहीसे झाले. मात्र सर्वांचेच जीवन देवाला वाहिलेले असेल, तर त्याची खूण कोणती, हा प्रश्न शिल्लक राहिला.

या प्रश्नाला अठराव्या शतकात इंग्लंडमधील जॉन वेस्ली यांनी दिलेले उत्तर पुढे वऱ्हाडापर्यंत पोहोचले. वेस्ली यांच्या मते पापक्षमा ही ख्रिस्ती जीवनाची सुरुवात असते, शेवट नसतो. त्यानंतर देव माणसाचे अंतःकरण प्रेमाने इतके भरून टाकू शकतो की त्यात जाणूनबुजून पाप करण्यास जागा उरत नाही. याला ते 'ख्रिस्ती पूर्णता' म्हणत. अज्ञान, विसर, आजार किंवा निर्णयातील चुका यांपासून मुक्ती असा तिचा अर्थ नव्हता. हेतू निर्मळ होतो, माणूस निर्दोष होत नाही, हा फरक त्यांनी वारंवार स्पष्ट केला, तरी टीकाकारांनी आणि काही अनुयायांनीही तो दुर्लक्षिला. १७५५मध्ये वेस्ली यांनी लंडनमध्ये करार-नूतनीकरणाची उपासना सुरू केली. पदप्रतिष्ठा असो वा नसो, काम मिळो वा न मिळो, आपण देवाचेच आहोत असे उपासक त्या वेळी एकत्रितपणे कबूल करतात. ही उपासना मेथडिस्ट मंडळ्यांत प्रामुख्याने नववर्षाच्या सुमारास होते.

पवित्रता चळवळ

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील मेथडिस्ट वर्तुळात ही शिकवण अधिक नेमकी आणि काहीशी आखीव झाली. न्यूयॉर्कच्या फीबी पामर या गृहिणीने आपल्या मंगळवारच्या प्रार्थनासभांतून मांडलेला विचार 'वेदी-सिद्धान्त' म्हणून ओळखला जातो. निर्गम पुस्तकात आणि मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात वेदी ही तिच्यावर ठेवलेल्या अर्पणाला पवित्र करते असा विचार आहे. पामर यांच्या मते ख्रिस्त हीच वेदी होय. म्हणून ज्याने स्वतःला निःशेष तिच्यावर ठेवले, त्याने भावनिक अनुभवाची वाट न पाहता आपण पवित्र झालो असा विश्वास धरावा आणि तसे उघडपणे सांगावे. शिकवण सोपी असल्याने ती झपाट्याने पसरली. मेथडिस्ट नेते नेथन बँग्स यांनी मात्र आक्षेप घेतला. विश्वास ठेवला म्हणजे मिळाले, असे म्हटल्यास पवित्र आत्म्याच्या साक्षीला काही काम उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

या परंपरेत समर्पण आणि संपूर्ण पवित्रीकरण यांचा संबंध पुढीलप्रमाणे मांडला जातो. पापक्षमा व नवा जन्म ही कृपेची पहिली कृती, आणि संपूर्ण पवित्रीकरण ही त्यानंतरची दुसरी स्वतंत्र कृती. समर्पण ही या दुसऱ्या कृतीची माणसाच्या बाजूची अट असते. पापी मनुष्य शरण येतो तेव्हा तो आपले दोष घेऊन येतो. समर्पण करणारा मात्र आपल्या चांगल्या गोष्टी, म्हणजे गुण, आकांक्षा, कुटुंब आणि भविष्य, देवापुढे ठेवतो. म्हणूनच दुसरे पाऊल पहिल्यापेक्षा कठीण असते असे पवित्रतावादी उपदेशक सांगत. इंग्लंडमधील केसविक येथे १८७५पासून भरणाऱ्या परिषदांतही संपूर्ण शरणागतीवर भर होता, पण तेथील वक्ते पापप्रवृत्ती समूळ नष्ट होते असे मानत नसत. ख्रिस्ताच्या सामर्थ्याने ती दबून राहते, अशी त्यांची भूमिका होती.

मुक्तिफौज हीदेखील याच चळवळीतून निघालेली संस्था. भारतीय नागरी सेवेतील नोकरीचा राजीनामा देऊन फ्रेडरिक टकर हे १८८२मध्ये मुक्तिफौजेची पहिली तुकडी घेऊन मुंबईत उतरले. त्यांनी फकीर सिंह हे नाव व भारतीय पोशाख धारण केला आणि अनवाणी फिरणे पत्करले. मुंबईतील यूरोपीय समाजाला हे फारसे रुचले नाही आणि रस्त्यावरील मिरवणुकांवरून सरकारशी संघर्षही झाला.

वऱ्हाड आणि वाशीम

वऱ्हाडात पवित्रता चळवळ येण्यास मुख्यतः अमेरिकन मिशनरी कारणीभूत ठरले. १८८१मध्ये भारतात आलेले फ्री मेथडिस्ट दांपत्य अर्नेस्ट व फीबी वॉर्ड यांनी प्रथम बऱ्हाणपूर परिसरात, ठरावीक वेतनाची हमी नसताना काम सुरू केले. त्यांच्या मंडळीचे कार्य पुढे यवतमाळ येथे केंद्रित झाले. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षण संस्था १९८३मध्ये पुण्यास जाईपर्यंत यवतमाळातच होती.

चर्च ऑफ द नाझरीन या मंडळीची औपचारिक स्थापना १३ ऑक्टोबर १९०८ रोजी टेक्सासमधील पायलट पॉइंट येथे झाली असे मानतात. त्या दिवशी पवित्रता चळवळीतील दक्षिणेकडील गट आधीच्या संयुक्त मंडळीत सामील झाला. मात्र तिच्यात विलीन झालेल्या पूर्व अमेरिकेतील एका गटाने त्याआधी सुमारे दशकभर भारतात मिशनरी पाठवले होते. म्हणजे भारतातील काम मूळ मंडळीपेक्षा जुने आहे. हे काम प्रथम इगतपुरी भागात आणि नंतर बुलढाणा येथे चालले. १९०४मध्ये भारतात आलेले लेटन ट्रेसी हे बुलढाण्यातील आरंभीच्या काळातील प्रमुख नाव होय.

वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ब्रिटिश अंमलात 'बासिम' या नावाने हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५च्या पुनर्रचनेत तो अकोला जिल्ह्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. येथे पूर्वी मेथडिस्ट मिशन कार्यरत होते. १९३०च्या दशकात ते क्षेत्र नाझरीन मिशनकडे आले. १९३६मध्ये भारतात आलेल्या अमेरिकन डॉक्टर ऑर्फा स्पायकर यांनी १९३८मध्ये वाशीम येथे रुग्णालय सुरू केले. नाझरीन मंडळीच्या परदेशी मिशन कार्याचे दीर्घकाळ नेतृत्व केलेल्या हायरम रेनॉल्ड्स यांच्या नावावरून त्याला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल असे नाव देण्यात आले. स्पायकर यांनी सुमारे चार दशके, म्हणजे आपले जवळजवळ सारे व्यावसायिक आयुष्य, येथे शस्त्रक्रिया, प्रसूती आणि रुग्णालयाची उभारणी यांत घालवले. पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यास स्त्रिया तयार नसण्याच्या त्या काळात स्त्री शल्यविशारद असणे ही गोष्ट एखाद्या तालुक्याच्या गावात लहान नव्हती. परिचारिकांच्या प्रशिक्षणाची संस्थाही रुग्णालयाशी जोडली गेली. त्यातून शिकून बाहेर पडलेल्या मराठी परिचारिकांचा या कार्यातील वाटा मोठा असला, तरी मिशनरी चरित्रांत त्यांना जागा फार कमी मिळाली आहे.

संपूर्ण समर्पणाच्या शिकवणीचा या रुग्णालयाशी थेट संबंध आहे. पवित्रता परंपरेत समर्पणानंतर 'कोठे पाठवशील तेथे जाईन' ही तयारी गृहीत धरली जाते आणि परदेशी मिशनसेवा ही तिची सर्वांत मोठी कसोटी समजली जाई. अविवाहित स्त्रियांसाठी या तयारीचा एक व्यावहारिक परिणाम झाला. त्यांच्या मायदेशात स्त्रीला सहसा न मिळणारी जबाबदारी, म्हणजे रुग्णालय चालवणे, बांधकाम पाहणे, हिशेब ठेवणे आणि निर्णय घेणे, त्यांना येथे मिळाली. स्वतःला पूर्णपणे दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याच्या शिकवणीतून असे स्वातंत्र्य निघावे, हा या इतिहासातील एक लक्षणीय भाग आहे.

वाशीम जिल्ह्याला संन्यास आणि व्रत यांच्या कल्पना नव्या नव्हत्या. शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ हे जैनांचे तीर्थक्षेत्र आणि पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान याच जिल्ह्यात आहेत, तर महानुभाव पंथाचे रिद्धपूर वऱ्हाडातच आहे. घरदार सोडणारा साधू लोकांना परिचित होता. घरात राहून, शेती किंवा नोकरी करत, तरीही 'सर्वस्वी वाहिलेला' म्हणवणारा गृहस्थ ही कल्पना तुलनेने अनोखी होती, आणि नाझरीन शिकवणीचा भर नेमका तिच्यावर होता.

पंडिता रमाबाई

मराठी ख्रिस्ती इतिहासात समर्पण आणि धर्मसत्ता यांच्यातील ताण पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रात सर्वांत स्पष्टपणे दिसतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन धर्मभगिनींच्या संघात राहत असताना त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. या भगिनींच्या सेवाभावाने, विशेषतः समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी त्या करत असलेल्या कामाने, रमाबाई प्रभावित झाल्या होत्या. पण आज्ञापालनाचा प्रश्न लवकरच उभा राहिला. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी चर्चच्या काही सिद्धान्तांबद्दल शंका घेतल्या आणि पुरोहितवर्गाच्या एका जोखडातून सुटल्यावर दुसरे मानेवर घेण्यास नकार दिला. त्यांनी चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावरही भारतातील बिशपांचे मत विचारण्यात आले व ते प्रतिकूल आले. देवाला शरण जाणे आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसांना शरण जाणे हे एकच नव्हे, अशी रमाबाईंची भूमिका होती.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास हलवले. ख्रिस्ती मताकडे आपला प्रवास आधी बुद्धीने झाला, ख्रिस्ताचा अनुभव बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आला, असे त्यांनी १९०७च्या आत्मनिवेदनात म्हटले आहे. पहिल्या व दुसऱ्या अनुभवातील हे अंतर पवित्रता चळवळीच्या मांडणीशी जुळणारे आहे, आणि १८९८मध्ये त्या केसविकच्या परिषदेलाही गेल्या होत्या. १८९६–९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून आणलेल्या अनाथ मुली व विधवा यांच्यासाठी केडगाव येथील मुक्ती सदन वाढले. १९०५मध्ये तेथे झालेल्या आध्यात्मिक जागृतीची नोंद जगभरातील ख्रिस्ती नियतकालिकांनी घेतली. रमाबाईंनी स्वतः अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल भाषांतरित करण्यास वाहिली.

नारायण वामन टिळक

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मोजली. सुमारे पाच वर्षे पतिपत्नी वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंनी नंतर स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात समर्पित माणसाच्या घरातील माणसांची बाजू जितक्या मोकळेपणाने व विनोदाने आली आहे, तितकी ती ख्रिस्ती भक्तिवाङ्मयात क्वचितच आढळते. टिळक घरातील वस्तू, पैसे आणि अन्न येणाऱ्या-जाणाऱ्याला देऊन टाकत. उद्याच्या जेवणाची सोय लक्ष्मीबाईंना पाहावी लागे.

१९१७मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली. पगार घेणारा प्रचारक लोकांच्या दृष्टीने मिशनचा नोकर ठरतो, ख्रिस्ताचा भक्त ठरत नाही, ही खंत या निर्णयामागे होती. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना प्रवेश होता. ते स्वतःला संन्यासी म्हणवत, परंतु संन्यास म्हणजे कुटुंबाचा त्याग असे मानत नसत. अवघ्या दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबार मूळ धरू शकला नाही.

संघ आणि आश्रम

टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी १९२२मध्ये ख्रिस्त प्रेम सेवा संघ स्थापन केला. यूरोपीय व भारतीय सदस्यांनी एकाच छपराखाली, सारखे अन्न, सारखी खादी आणि सारखी कामे यांसह राहावे हा त्याचा नियम होता. वसाहतकाळात हा नियम ब्रह्मचर्यापेक्षाही अवघड होता असे म्हणता येईल. पुण्यातील शिवाजीनगर येथे संघाचा आश्रम उभा राहिला. पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झालेले व्हेरिअर एल्विन हे १९२७मध्ये याच संघाबरोबर भारतात आले. त्यांनी नंतर संघ आणि चर्च दोन्ही सोडले. १९७०च्या दशकात कॅथलिक आणि अँग्लिकन धर्मभगिनींनी मिळून या जागी आश्रमजीवन पुन्हा सुरू केले.

अलीकडच्या काळात वसईचे कॅथलिक धर्मगुरू फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' या मराठी ग्रंथाद्वारे आणि वसईतील हरित पट्ट्याच्या रक्षणाच्या आंदोलनाद्वारे धर्मगुरूपदाचा सामाजिक आशय रुंदावला. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

आक्षेप आणि वाद

धर्मशास्त्रीय पातळीवर मुख्य वाद पूर्णतेच्या शक्यतेविषयी आहे. ल्यूथरवादी व कॅल्विनवादी परंपरा माणसाचे समर्पण या जन्मी अपुरेच राहते असे मानतात. संपूर्ण समर्पणाचा दावा ढोंगाला किंवा निराशेला जन्म देतो, असा त्यांचा आक्षेप आहे. आपण खरोखर सारे अर्पण केले का, या शंकेने पुन्हा पुन्हा प्रार्थनासभेत पुढे येणाऱ्या तरुणांचा अनुभव पवित्रतावादी मंडळ्यांतही चर्चिला गेला. त्यामुळे नाझरीन शिकवणीत पुढे एका क्षणाच्या निर्णयाबरोबरच त्यानंतरच्या वाढीवरही भर देण्यात येऊ लागला.

आज्ञापालनाच्या व्रताचा व नेतृत्वावरील निष्ठेचा गैरवापर हा दुसरा प्रश्न आहे. देवाच्या इच्छेचा अर्थ लावण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे गेल्यास समर्पित व्यक्ती, विशेषतः स्त्रिया, असहाय होतात. रमाबाईंनी उपस्थित केलेला हा मुद्दा अनेक देशांतील चर्चच्या चौकशांमुळे एकविसाव्या शतकात पुन्हा ऐरणीवर आला.

तिसरा वाद सामाजिक-राजकीय आहे. विदर्भाचा समावेश असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने न्या. म. भ. नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५६मध्ये आपला अहवाल दिला. परदेशी निधी आणि रुग्णालये व शाळा यांच्या माध्यमातून होणाऱ्या धर्मांतरावर समितीने कडक टीका केली. ख्रिस्ती संस्थांनी हे निष्कर्ष एकांगी असल्याचे म्हटले. सेवा हीच समर्पणाची परिणती आहे की धर्मप्रसाराचे साधन आहे, हा या वादाचा गाभा होता. मिशन रुग्णालयांच्या अंतर्गत चर्चेतही तो वेगळ्या शब्दांत होत असे.

दारिद्र्यव्रताला कायद्याच्या दृष्टीने काय अर्थ आहे, हाही प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे आला. धर्मगुरू व धर्मभगिनी यांना अनुदानित शाळांत मिळणारे वेतन त्यांच्या संघाकडे जाते. चर्चच्या कायद्यानुसार व्रते घेतल्यावर त्यांचा जणू 'नागरी मृत्यू' होतो, म्हणून त्यांच्या वेतनातून प्राप्तिकर कापू नये, असा युक्तिवाद करण्यात आला. मद्रास उच्च न्यायालयाने तो २०१९मध्ये अमान्य केला आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये त्याविरुद्धची अपिले फेटाळली. त्यामुळे व्रतस्थ शिक्षकाचे वेतन संघाच्या खात्यात जमा होत असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते त्या शिक्षकाचेच उत्पन्न ठरते.